पोटातली टकटक

तीर्थरूप आईला चेन्नईहून करिष्माचा नमस्कार.

फोनवर रडू आलं असतं, म्हणून लिहिते. मी बरी हाय. डॉक्टरांनी जिने चढू नको म्हणलंय, एवढंच. मागच्या खेपेसारखं काही न्हाई. तुझे गुडघे कसे हायेत?

आमच्या प्रयोगशाळेत गरोदर बाईच्या पोटाला तारा लावून बाळाचे ठोके टिपतात. पण तिच्या ठोक्यांत ते बुडून जातात. ते वेगळे काढायला आमी कॉम्प्युटरमधी दोन गाळण्या केल्या. दोन्ही ऐकत ऐकत आपणच सुधारतात. एक झटपट शिकते, पण चुकते लई. दुसरी नेमकी, पण सावकाश शिकते. परवा मॅडमनी दोन्ही जोडल्या. दोन्हींचं थोडं थोडं घ्यायचं, त्या घडीला जी बरी गाळते तिचं जास्त.

"करिष्मा, तूच झोप इथं, तुझ्याच पोटाला तारा लावू," मॅडम म्हणाल्या.

आधी नुसती खरखर. मग माझे ठोके विरत गेले आन् त्यांच्याखालून बारीक, भरभर टकटक आली. आई, माझ्याच आत दुसरं कुणीतरी जगत होतं!

आवाज रामेश्वरदादाच्या मोबाईलवर पाठवलाय. मागच्या खेपेला बाळ गेल्यापासून आप्पा बाळाचा विषयच काढत न्हाईत. आधी त्यांच्या कानाला लाव.

तुझी लेक,
करिष्मा