न गोठणारी लादी

सोमवार
अगं, लिहायला फार उशीर झाला, रागावू नकोस. आल्यापासून रोज वही उघडतो आणि डोळा लागतो. पण जागा झकास आहे. शीतगृहाच्या मागेच खोली, खिडकीतून छान ऊन, आणि शेजारचा हमाल पहिल्याच दिवशी मला आजोबा म्हणायला लागला. काम म्हाताऱ्याला झेपेल असंच. वीज गेली तरी माल थंड राहावा म्हणून इथे भिंतींना क्षारपाण्याचे चपटे डबे लावलेत. सगळे त्यांना लाद्याच म्हणतात. वीज असताना त्या गोठवायच्या, नसताना त्या वितळत वितळत थंडावा देतात. कुठली गोठली नाही, ते मी बघायचं. आता तू ये. दोघांचं निभेल.

बुधवार
इथल्या रसायनवाल्या बाईंनी समजावलं. हे पाणी कधी कधी गोठायचं विसरतं. थंड होत होत पार खाली जातं, तरी पाणीच. मग एखादा कण टाकला किंवा नुसती टिचकी मारली, की डोळ्यांदेखत दगड. आणि गोठताना ऊब सोडतं. मला वाटलं, थट्टा करतायत. पण त्यांनी टिचकी मारलेली लादी मघापेक्षा खरंच कमी गार लागली.

कोपऱ्यातली एक लादी मात्र कशालाच दाद देत नाही. बाईंनी झाकण काढून भुकटी टाकली, तळ खरवडला, हमालाने शिव्याही घालून पाहिल्या. हिच्यात हात घालायचा नाही, असं मला बजावलं होतं. मी घातला, कोपरापर्यंत. मला कुठे राहवतं, तुला ठाऊक आहे. गार लागलंच नाही.

शुक्रवार
त्या लादीत एक उंदीर पडला होता. बाहेर निघून मजेत पळत सुटला. हमालाचा बूट त्याला निसटता लागला, आणि उंदीर एक पाय उचललेला तसाच थिजला. उचलून टेबलावर ठेवला तर गोटीसारखा वाजला. हमाल हसून म्हणाला, "आजोबा, मेलाय, पण ऊबदार आहे बघा."

मी शीतगृहातला तापमापक काखेत धरला. आकडा शून्याच्या खाली. थंडी मात्र वाजत नाही.

शनिवार
बाईंना सांगितलं. त्यांनी लांबूनच मोजलं, पुन्हा मोजलं, आणि खुर्ची मागे सरकवली. मी विचारलं, औषध काय? त्या म्हणाल्या, "काका, कुणाला हात लावू देऊ नका. धक्का लागू देऊ नका. मला एवढंच कळतंय." मोठ्या साहेबांना विचारून येते म्हणाल्या. आल्या नाहीत.

रविवार
दिवसभर उन्हात बसलो. आकडा आणखी खाली. आरशावर श्वासाची वाफ धरत नाही. जमिनीवर पोती पसरलीत, त्यांवरूनच चालतो, हळू – तुझा फोन लागत नाही. सोमवारचं पत्र मिळून निघाली नसशील ना? येऊ नकोस. पुढे कधीतरी –

सोमवार
आलीस.

हमालाशी बोलतेयस. म्हातारा झोपला असेल, म्हणतेयस. ओरडायचं होतं, पण छातीत काहीतरी करकरलं – भीती वाटली –

दाराला कडी नाही. मी पाठ लावून बसलोय. ढकलू नकोस गं. मला हात लावू नकोस. हे पान दाराखालून सरकवतो. वाच, आल्या पावली परत जा, आणि घरी पोचलीस की लवकर कळव, लगेच कळव, मी वाट –