चिमटीतलं फुलपाखरू

३ फेब्रुवारी

सांगाडे! पुनीतभाऊंना चांदीच्या पेल्यावर सांगाडे हवेत! जळगावात एवढं मोठं सराफीचं दुकान त्यांचं, अन् मागणी ही असली. मोबाइलवर फोटो पाठवलाय – दोन हजार वर्षांपूर्वीचा रोमन पेला. वर नुसते हाडांचे सापळे. कुणी वाजवतोय, कुणी पितोय, वर फुलांच्या माळा. "मोहिनीताई, अर्थ चांगला आहे. जिवंत आहात तोवर मजेत राहा." राहते हो! घरात नवरा कॅन्सरनं वाळून चाललाय, अन् मी हाडं ठोकत बसू?

नाहीच म्हणणार होते. ह्यांनी हातातून फोन घेतला आणि हो म्हणून टाकलं.

५ फेब्रुवारी

पेल्यात राळ भरली. आतून आधार नसला तर ठोकताना चांदी चेपते. हे खाटेवरून बघत होते. जन्मभर भांड्यांवर नक्षी ठोकली, आता हातात वाटी धरवत नाही. म्हणाले, "व्हयना का माले येकदाव यामा च्या पाज."

म्हटलं, आधी सोमवारचा केमो, मग चहा. ह्यांनी तोंड फिरवून घेतलं.

८ फेब्रुवारी

मागच्या केमोचा त्रास अजून उतरला नाही. पाणीसुद्धा पोटात ठरत नाही. हितेंद्र धुळ्याहून आला. डॉक्टर त्याला म्हणाले – आता फारसा उपयोग नाही, घरच्यांनी ठरवा. "आई, आबांना तरी विचार." काय विचारू? मरता का म्हणून? पोराच्या अंगावर मी इतकी ओरडले! न जेवता गेला.

सोमवारी केमोला न्यायला गाडी मीच सांगितली.

९ फेब्रुवारी

एकच सांगाडा राहिला. एका हातात पैशांची थैली, दुसऱ्या हाताच्या चिमटीत फुलपाखरू. पुनीतभाऊ म्हणाले, रोमन लोकांत फुलपाखरू म्हणजे जीव. ह्यांना सांगितलं. फोटो डोळ्यांशी धरून बराच वेळ बघत राहिले.

"जीव शे ना तो? मंग इतला घट्ट काबर धरेल शे?"

मी उठून स्वयंपाकघरात गेले. नळ सोडून रडले.

मग येऊन ह्यांच्याजवळ खाटेवर बसले. हितेंद्र म्हणाला होता ते विचारलं एकदाचं. बाहेर गाय हंबरत होती, म्हणून पुन्हा विचारावं लागलं. उत्तर इथे लिहवत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

गाडी परत पाठवली. हितेंद्रला कळवलं – आज नाही, पुढेही नाही. आबा घरीच राहतील.

शेवटच्या सांगाड्याची चिमूट उघडी ठोकली. फुलपाखरू बोटांच्या वर, सुटं. फोटोत तसं नाही. पुनीतभाऊंनी घेतला तर घेतला.

राळ वितळवून काढली, पेला पुन्हा पुन्हा धुतला, चहा ओतला. ह्यांनी दोन घोट घेतले. पेला माझ्याकडे सरकवला.

"आते तू पे."