चुन्याखालची अक्षरं

ऑलिम्पिया, १५ जून १९६४

प्रिय स्तमातियाताई,
सा. न. वि. वि. मी मजेत आहे. नवऱ्यानं मधुचंद्राला आणलं कुठे, तर पडक्या देवळांत! लेआन्द्रोस दिवसभर उन्हात खांब मोजतो आणि मी सावली शोधते. पुराणवस्तू खात्यातला नवरा केलास, आता भोग, असं तू म्हणशीलच.

पण काल मीच त्याला गप्प केलं. एका दगडावरची अक्षरं तो कौतुकानं वाचत होता. मी सांगितलं, असा दगड तर आमच्या दारातली पायरी आहे. आजोबांनी शेतातून आणलेली, आई तिच्यावर बसून शेंगा सोलायची. दर ईस्टरला आपण चुना फासतो, म्हणून लग्नात त्याला अक्षरं दिसली नाहीत. त्यानं सगळं वहीत लिहून घेतलं. माझ्या माहेराचं त्याला एवढं अप्रूप पहिल्यांदाच पाहिलं!

बाबांचा खोकला कसा आहे? आठवण ठेव.
तुझी, इव्हान्थिया

गाव, २९ जून

चि. इव्हान्थिया,
अनेक आशीर्वाद. गुरुवारी खात्याची माणसं पहारी घेऊन आली. जावयानं पाठवलेले पाहुणे म्हणून बाबांनी कॉफी आणि चेरीचा मुरांबा पुढे केला. त्यांनी चुना खरवडला, अक्षरं निघाली, आणि कायद्यानं हा दगड सरकारचा म्हणून उचलून संग्रहालयात नेला. कागदावर कळवणाऱ्याचं नाव होतं.

आता दारात खड्डा आहे. मी फळी टाकते, बाबा काढतात. मागच्या दारानं जातात. आईची शवपेटी त्याच पायरीवरून गेली, एवढं तरी आठवायचं होतंस.
स्तमातिया

अथेन्स, ६ जुलै

ताई,
मला फक्त माहेराची बढाई मारायची होती गं. लेआन्द्रोस म्हणतो, कर्तव्य केलं, पुन्हाही करीन. पंधरा ऑगस्टला, मरियामातेच्या सणाला आम्ही दोघं येऊ का? बाबांना विचार.
इव्हान्थिया

गाव, २ ऑगस्ट

चि. इव्हान्थिया,
बाबा परवा बसनं संग्रहालयात गेले. पिशवीत चुन्याचा डबा आणि कुंचला होता, मला पत्ता नाही. एक हात फिरवलाच, तेवढ्यात पहारेकऱ्यानं बाहेर काढलं. ‘बायको गेल्यापासून हे काम माझं आहे,’ असं बाबांनी त्याला सांगितलं म्हणे.

सणाला तीनच ताटं मांडायला सांगितलं आहे. तू, मी आणि ते. मी पुष्कळ समजावलं, ऐकत नाहीत.
तुझीच, स्तमातिया

अथेन्स, १६ ऑगस्ट

ताई,
काल तुम्ही वाट पाहिली असेल. नवऱ्याला दाराबाहेर ठेवून मला जेवता आलं नसतं, आणि त्याला घेऊन त्या खड्ड्यापाशी उभंही राहवलं नसतं. म्हणून घरून निघाले ती संग्रहालयात उतरले, एकटीच.

अक्षरांच्या खाचांत बाबांचा चुना अजून आहे. मधोमध, जिथे आई बसायची तिथे अक्षरं झिजून गेलीत. पहारेकऱ्याची पाठ वळल्यावर मी तिथे हात ठेवला. बाबांना सांग, मी पायरीपर्यंत आले होते.

रागावलीस तरी लिहिणं सोडू नकोस.
इव्हान्थिया