बिनफवारणीची देवणी

प्रिय मोनिका,

इकडं बरं आहे. तुझ्या आईचा गुडघा ती सांगते त्यापेक्षा शांत आहे. परवा लासूर स्टेशनच्या बाजारात दोघं जण पाठमोरे बोलत होते, बद्रीनाथाची, म्हणजे माझीच, जर्सी गाय मरता मरता वाचली म्हणून. माझे कान तुला माहीत आहेत. त्यांच्याच शेजारी उभं राहून निवांत चहा घेतला.

तुला मुद्दामच कळवलं नव्हतं. गेल्या महिन्यात सकाळी धार काढताना गोठ्यात एक आवाज कमी वाटला. जर्सीचं रवंथ बंद होतं. अंग तापलेलं, खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी. विश्वजित डॉक्टरांनी कानातून रक्ताचा थेंब काचेवर घेतला. गोचीडताप निघाला. चार दिवस गाय बसून होती. आई तिला घास भरवायची आणि मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, पोरगी घरात गुरांची डॉक्टर, पण बापालाच लई कळतं.

मी डॉक्टरांना म्हणालो, दर पंधरा दिवसांनी फवारतो, मग गोचीड आलं कुठून? त्यांनी विचारलं, सगळ्यांवर फवारता? म्हटलं, देवणीवर कधी फवारलंच नाही. आपली मूळची गाय, तिला काय होतंय? वर दावणीला पहिला मान तिचा, जर्सीच्या अगदी शेजारी. तिचंही रक्त बघितलं. तेच जंतू, आणि बाई मजेत कडबा खातेय. तिचं रक्त पिऊन उतरलेली गोचिडं भिंतीच्या फटीत कात टाकून जर्सीवर चढत होती.

दिवाळीत तू हेच सांगत होतीस. मी अप्पाराव आणि दूध घालायला आलेल्या सगळ्यांसमोर म्हणालो, डॉक्टरीणबाई, देवणीला चावलं तर गोचीडच आजारी पडतं. सगळे हसले. तू दुसऱ्या दिवशी परभणीला गेलीस आणि त्यानंतर फोनवर एकदाही गोठ्याचं विचारलं नाहीस.

हे फोनवर बोललो असतो तर मधेच काहीतरी विनोद करून सुटलो असतो, म्हणून लिहितोय. चूक माझी होती. काल त्याच लोकांसमोर, दूध मोजता मोजता, तेही सांगितलं. हसले, पण या वेळी मला. मग अप्पाराव म्हणाला, आमच्या लाल कंधारी गाईचंही रक्त बघायचं होतं, डॉक्टर मॅडम कधी यायच्या? मी म्हणालो, विचारून सांगतो.

तर विचारतोय.

तुझाच,
अण्णा