नर उंदरांचं धाडस

२ एप्रिल १९७९, सोमवार
संकल्प दोन. पीएच.डी. दिवाळीपर्यंत. लॅबमधल्या गोपिकाला लग्नाचं विचारणं याच महिन्यात.

प्रयोग सुरू. पिंजऱ्यात दोन बटणं. एक दाबलं की एक शेंगदाणा, बिनधोक. दुसरं दाबलं की चार, पण मधूनमधून पायाला विजेचा शॉक. माझा सिद्धांत: नराच्या मेंदूत डोपामीन जोरात, म्हणून तो चारवर झेप घेणार. मादी एकावर समाधान मानणार. सकाळी माद्या, गोपिकाकडे. दुपारी नर, माझ्याकडे. दुपारी खोली भट्टीसारखी तापते म्हणून भांडून तेवढ्या वेळापुरता कूलर मिळवला. उंदरांसाठीच.

११ एप्रिल
सिद्ध झालं. नर सरळ चारवर. शॉकची पर्वाच नाही. माद्या दोन-तीन झटके खाऊन एका दाण्यावर आल्या. घरी येऊन आरशात बघितलं. आपणही त्याच जातीचे. उद्या विचारतो.

१२ एप्रिल
विचारलं नाही. तिच्या हातात उंदीर होता.

१७ एप्रिल
माद्यांना डोपामीन वाढवणारं इंजेक्शन दिलं. धीट व्हायला हव्या होत्या. आणखीच सावध झाल्या. मी म्हटलं, भित्र्या आहेत. गोपिका म्हणाली, भित्र्या काहून? पाय भाजून चार दाणे खाण्यापेक्षा एक बरा, हा हिशोब आहे. वर म्हणाली, तुमच्या नरांले शॉक लागून राहिला का नाही, थे एकदा पाहून घ्या. बायकांना नराचं धाडस पचत नाही. मी समजून घेतलं.

२४ एप्रिल
डबा खाताना गोपिकानं सांगितलं, सावनेरचं स्थळ आलं. मुलगा कोळशाच्या खाणीत इंजिनियर. मग खाली बघून म्हणाली, मले तिकडे करायचं नाही. तुम्ही आमच्या बाबांशी बोलता का?

मी म्हणालो, थिसिस होऊ द्या, घाई कशाला. ती डब्याचं झाकण लावत बसली.

बोललो ते योग्यच. पुरुषानं आधी पाया भक्कम करावा. शनिवारी तिच्या घरी जातो.

२८ एप्रिल, शनिवार
सक्करदऱ्याच्या चौकापर्यंत गेलो. तिथून तिचं घर दिसतं. ऊन फार. अशा उन्हात कुणाला दार उघडायला लावणं बरं नव्हे. उसाचा रस प्यालो, परत आलो. पुढच्या आठवड्यात नक्की.

३ मे
तिचं सावनेरला ठरलं. पेढे वाटले तिनं. मी दोन घेतले आणि अभिनंदन केलं. गोपिका मला फार आवडते. हे इथं लिहायलाही महिना लागला.

७ मे
कूलरची मोटर जळाली. कूलरविना पहिला नर सोडला, त्यानं मोठं बटण दाबलं आणि किंचाळून कोपऱ्यात जाऊन बसला. मीटर लावून बघितलं. कूलर आणि शॉकची पेटी एकाच लाइनवर. कूलर चालू असला की व्होल्टेज पडायचं, नरांना शॉक बसायचाच नाही. संध्याकाळपर्यंत माझे सगळे नर एका दाण्यावर. महिन्याभराचे आकडे पाण्यात.

आमचे गाईड देवरावसर म्हणाले, मधुकर, तू कूलरवरच पीएच.डी. करून घे गा. सगळे हसले. गोपिका हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

दोष लाइनचा. सिद्धांताला धक्का नाही.

१४ मे
गोपिकाची लॅबमधली शेवटची सकाळ. तिच्याशी एकांतात बोलायचं ठरवून लवकर गेलो. ती माद्यांचे पिंजरे धूत होती. मी पाणी आणून दिलं, दोनदा. ती म्हणाली, आता यायले वेळेवर दाणे घालत जा. मी म्हटलं, हो.

२० मे, रविवार
गोपिकाचं लग्न. रस्त्यात ठरवलं, एकच वाक्य बोलायचं: मला तुम्ही हव्या होतात. आता त्यानं काही होणार नाही, पण तिला कळावं. वाक्य पाठ केलं. शर्ट इस्त्रीचा.

मांडवात रांगेत उभा राहिलो. नवऱ्याला ती म्हणाली, हे आमच्या लॅबचे मधुकरराव. त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. चांगला माणूस आहे, तेच वाईट वाटलं. गोपिका माझ्याकडे बघत थांबली. मागची माणसंही थांबली. मग तिनंच विचारलं, जेवले का तुम्ही?

मी म्हटलं, हो, जेवलो. आणि उपाशीच घरी आलो.