स्वल्प बोलते

३ जानेवारी १९९९
बंगळूरच्या बनशंकरीतलं हे घर मला पहिल्या पायरीवरच आवडलं. पुण्याच्या धुळीनंतर इथली हवा म्हणजे पेन्शनीहून मोठी देणगी. कपाटं लावण्याआधी नीलाच्या कॅसेटी काढल्या. माझी धाकटी बहीण गेली, आवाज एवढाच उरला, आणि फितींवर पांढरी बुरशी धरली आहे. गाणी कॉम्प्युटरवर उतरवायची, तो मागच्या कोठीत ठेवायचा आणि स्पीकरची वायर ओढून नीलाला स्वयंपाकघरात गाऊ द्यायचं.

६ जानेवारी
एस. पी. रोडवरचा दुकानदार रघुपती इथल्याच जुन्या मराठी घरातला; मराठी मात्र कानडीत बुडवून काढलेली. मला नवा पेंटियम-टू खपवत होता. मला गाणी ऐकायची आहेत, रॉकेट सोडायचं नाही, असं सुनावलं. जुना पेंटियम पुरे. साउंड कार्ड चांगलं हवं आणि पंखा कमी घरघरणारा. हार्ड डिस्क स्वस्तातली दिली. स्क्रूंवर ओरखडे दिसले, म्हणून विचारलं.
"डिस्क चांगली आहे, अक्का. स्वल्प बोलते, एवढंच."
खरखरते म्हणायला यांना जड जातं. आणि मी कुणाची अक्का नाही. नीलासुद्धा मला ताई म्हणायची.

१२ जानेवारी
गाणी उतरली. फिती मात्र टेपमध्ये अडकून तुटल्या. आता नीला फक्त डिस्कवर. भाजी चिरताना ऐकत होते. भूपाळी संपली आणि एक बाई म्हणाली, "येते हं, अक्का."
हे कॅसेटवर नव्हतं. कुणाचं तरी जुनं रेकॉर्डिंग. लबाडाने पुसायचेही कष्ट घेतले नाहीत.

१५ जानेवारी
रघुपतीला झाडलं. डिस्क चामराजपेटच्या एका घरातली, हे कबूल केलं. तिथली धाकटी सून भांडण करून निघाली. उंबऱ्यावरून थोरल्या जावेला 'येते' म्हणाली, पण 'ये' म्हणायला कुणी तोंड उघडलं नाही. ती परतलीच नाही म्हणे. जुना माल खपवायला भाकडकथा! सोमवारी येऊन गाणी नव्या डिस्कवर घालून देतो म्हणाला. तोवर बंद करू नका, पुन्हा सुरू होईलच असं नाही.

१६ जानेवारी
नीलाची दोन गाणी नाहीत. त्या जागी तीच बाई. 'येते हं' म्हणून थांबते — उत्तराची वाट बघितल्यासारखी. बंद करावं तर नीला —

१७ जानेवारी, दुपार
एकच गाणं उरलं. पोळ्या लाटत होते. ती म्हणाली, "येते हं, अक्का." आणि मी — आईने लावलेली सवय, कॉन्व्हेंटच्या नन्सनाही मोडता आली नाही — "ये" म्हणाले.
खरखर थांबली.

संध्याकाळ
नीलाची सगळी गाणी परत आली. मधे कुणी बोलत नाही. डिस्कवर आता कुणी नाही. मग ती —
फाटकाची कडी वाजली. रघुपती असेल. पण सोमवार उद्या —
नीला मधेच थांबली. आवाज स्पीकरमधून नाही, उंबऱ्यावरून —
"आले हं, अक्का."
दार मी लावलं होतं. मी नक्की ला