ताटं वाजून राहिली का?

अण्णा, आज मी कामासाठी निलंग्याला गेले होते. आपण राहायचो त्या गल्लीच्या मागे एका शिक्षक जोडप्याने नवं घर बांधलंय, त्यांच्याकडे होम थिएटर बसवायचं होतं. लातूरहून टेम्पोत स्पीकरच्या पेट्या घेऊन गेले. पाठ दुखतेय, डोकंही. लई दमलेय. तुम्ही असता तर पाणीसुद्धा पिऊ न देता आधी विचारलं असतं, "आवाज जुळला का?"

जुळवायचं काम आता मोबाईल करतो. सोफ्यावर माणसाचं डोकं येतं तिथे माइक ठेवायचा, एकेका स्पीकरमधून खरखर सोडायची आणि सगळ्यांचे आकडे सारखे येईपर्यंत कमी-जास्त करत बसायचं. धमधम घुमणारा मोठा डबा, सबवूफर, सर्वांत शेवटी. तुमच्याकडे ना माइक होता ना आकडे. लग्नाला न्यायच्या पेट्या तुम्ही आधी घरातच वाजवून बघायचात. मी अभ्यास घेऊन चुलीपाशी बसलेय, आई भाकरी थापतेय, आणि बाहेरच्या खोलीतून तुमची हाक येते, "अगं, ताटं वाजून राहिली का?" मांडणीतली स्टीलची ताटं किणकिणायला लागली की आई ओरडायची, "हाव, वाजून राहिलीत! करा की कमी!" मग तुम्ही बटण जरासं मागे घ्यायचात. तीच तुमची खूण. आईच्या ताटांची या माणसाला केवढी काळजी, म्हणून मला हसू यायचं.

आज मागचा उजवीकडचा स्पीकर मला मंद वाटला. आकडा मात्र बरोबर. वायर काढून पुन्हा लावली, डावीकडचा स्पीकर उजवीकडे नेऊन पाहिला, तरी उजवी बाजू मंदच. घरमालक म्हणाले, "मॅडम, मला तर दोन्हीकडून सारखंच ऐकू येऊन राहिलंय." चिडून मी सोफ्यावर टीव्हीकडे पाठ करून बसले. तर आता ती बाजू खणखणीत, आणि मघाशी चांगली वाटलेली डावी बाजू मंद. म्हणजे दोष स्पीकरमध्ये नव्हता, खोलीतही नव्हता. माझा उजवा कान चाललाय, अण्णा. याच कानांवर माझं घर चालतं.

कसाबसा सबवूफर लावला. तो कमी की जास्त, स्वतःच्या कानावर भरवसाच राहिला नाही. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले आणि तोंडातून निघून गेलं, "ताई, ताटं वाजून राहिली का हो?" त्या कणीक मळत होत्या. माझ्याकडे बघतच राहिल्या. "वाजून तर राहिलीत की! तुम्हाला ऐकू येत न्हाई का?" मी हसले. म्हटलं, "येतंय हो. तुम्हाला त्रास होतोय का, ते विचारत होते." आणि बटण मागे घेतलं.

टेम्पोत बसल्यावर तुमचा फार राग आला. किती वर्षं तुम्ही तेच विचारत राहिलात आणि आई प्रत्येक वेळी ओरडून सांगत राहिली. तुम्हालाच ती ऐकू येत नव्हती, हे तिला माहीत होतं का? मला का नाही सांगितलंत? घरी आल्यावर यांनी विचारलं, "कसं झालं काम?" मी म्हटलं, "छान."

हा कागद कुठे पाठवायचा नाहीये, म्हणून तुम्हाला तेवढं खरं सांगते. त्या दारात मी कान देऊन उभी होते, अण्णा. मला ताटं ऐकू आली नाहीत.